व्यवहारी अपूर्णांकाचे दशांश रूप: छेद पाहा, बाकी सांभाळा

३/८ म्हणजे ३ ला ८ ने भागणे. अंश आणि छेद यांच्यामधली आडवी रेघ ही भागाकाराचीच खूण आहे. दशांश रूप काढणे म्हणजे तो राहून गेलेला भागाकार पुरा करणे. लहानपणी ‘भागाकार २, बाकी ३’ असे लिहून थांबायची सवय लागते. इथे तसे थांबायचे नाही, बाकीलाही भागत राहायचे. जे काही चुकते ते बहुतेक या बाकीच्या हाताळणीत चुकते, म्हणून खाली बाकीकडे जास्त लक्ष दिले आहे.

सुरुवात करण्यापूर्वी दोन गोष्टी पक्क्या हव्यात. पहिली, घरांची नावे: दशांश चिन्हाच्या उजवीकडचे पहिले घर दशांशाचे (१/१०), दुसरे शतांशाचे (१/१००), तिसरे सहस्रांशाचे (१/१०००). दुसरी, भाज्य कोण आणि भाजक कोण. वरचा अंश भाज्य, खालचा छेद भाजक. ‘मोठ्या संख्येला लहान संख्येने भागायचे’ अशी समजूत करून घेतलेली मुले ३/८ साठी बिनधास्त ८ ÷ ३ करतात आणि २.६६ उत्तर आणतात. अंश छेदापेक्षा लहान असेल तर उत्तर १ पेक्षा लहानच आले पाहिजे. एवढे पाहिले तरी ही चूक तिथल्या तिथे पकडता येते.

पहिली रीत: छेद १०, १०० किंवा १००० करणे

छेद आधीच १०, १००, १००० असेल तर करण्यासारखे काही उरत नाही. अंश लिहायचा आणि छेदात जितकी शून्ये, तितकी घरे उजवीकडून मोजून टिंब द्यायचे. २३/१०० = ०.२३. घरे कमी पडली तर डावीकडे शून्य भरायचे: ७/१०० = ०.०७, ९/१००० = ०.००९.

छेद वेगळा असेल तर त्याला कशाने गुणले की १०, १०० किंवा १००० मिळतात ते पाहायचे आणि अंशालाही त्याच संख्येने गुणायचे. हे गुणक तोंडपाठ असलेले बरे:

छेद २ असेल तर ५ ने गुणा, १० मिळतात
छेद ४ असेल तर २५ ने, १००
छेद ५ असेल तर २ ने, १०
छेद ८ असेल तर १२५ ने, १०००
छेद २० असेल तर ५ ने, १००
छेद २५ असेल तर ४ ने, १००
छेद ४० असेल तर २५ ने, १०००
छेद १२५ असेल तर ८ ने, १०००

७/२० = ३५/१०० = ०.३५. १३/४० = ३२५/१००० = ०.३२५. ३/१२५ = २४/१००० = ०.०२४. शेवटच्या उदाहरणात २४ पाहून घाईत ०.२४ लिहिले जाते. छेदात तीन शून्ये आहेत, म्हणून टिंबानंतर तीन अंक हवेत.

छेद मोठा दिसला म्हणून लगेच दुसऱ्या रीतीकडे वळू नका. आधी संक्षिप्त रूप द्या. २१/२८ भयंकर वाटतो, पण दोन्हीकडे ७ ने भाग जातो. उरतो ३/४, म्हणजे ०.७५.

दुसरी रीत: सरळ भागाकार

ही रीत कुठल्याही छेदाला चालते. ३/८ घेऊ. ३ मध्ये ८ चा भाग जात नाही, म्हणून भागाकारात ० लिहून लगेच दशांश चिन्ह द्या. आता ३ वर एक शून्य घ्या: ३०. आठ त्रिक चोवीस, भाग ३ चा, बाकी ६. बाकीवर शून्य: ६०. आठ सत्ते छप्पन्न, भाग ७ चा, बाकी ४. पुन्हा शून्य: ४०. आठ पंचे चाळीस, बाकी ०. उत्तर ०.३७५.

नियम इतकाच की दशांश चिन्ह दिल्यानंतर एका वेळी एकच शून्य घ्यायचे, आणि प्रत्येक शून्यामागे भागाकारात एक अंक लिहायचाच. भाग जात नसेल तर तो अंक ० असतो. हे ० गाळणे ही या विषयातली सगळ्यांत मोठी चूक आहे. १/१६ करताना ती नेमकी दिसते:

१ वर शून्य, १०. १६ चा भाग जात नाही. टिंबानंतर ० लिहा.
आणखी एक शून्य, १००. १६ × ६ = ९६. ६ लिहा, बाकी ४.
४०. १६ × २ = ३२. २ लिहा, बाकी ८.
८०. १६ × ५ = ८०. ५ लिहा, बाकी ०.

उत्तर ०.०६२५. पहिल्याच पायरीला बरेच जण दोन शून्ये एकदम घेऊन थेट १०० करतात आणि भागाकारात ० लिहायला विसरतात. मग उत्तर येते ०.६२५, आणि हे तर ५/८ चे दशांश रूप आहे, म्हणजे खऱ्या उत्तराच्या दहापट. शून्य मध्येच यायचे असेल तरी तीच काळजी. २१/२० मध्ये २० चा भाग एकदा जातो, बाकी १. मग १० मध्ये २० चा भाग जात नाही, म्हणून ०, आणि १०० मध्ये ५. उत्तर १.०५, १.५ नव्हे.

वहीत प्रत्येक बाकीभोवती बारीक गोल करा. पुढच्या भागात तो उपयोगी पडेल.

बाकी परत आली की थांबा

१/३ ला भागायला बसलात की १०, त्यात ३, बाकी १. पुन्हा १०, पुन्हा ३, पुन्हा बाकी १. जी बाकी एकदा येऊन गेली ती पुन्हा आली की त्यापुढचे सगळे अंक त्याच क्रमाने परत येणार, कारण आपण अगदी त्याच जागी परत आलेलो असतो. अशा दशांशाला अखंड आवर्ती म्हणतात, आणि बाकी ० येऊन संपणाऱ्याला खंडित.

१/७ मध्ये बाकी ओळीने येतात: ३, २, ६, ४, ५, १. शेवटची १ म्हणजे आपण सुरुवात केलेली संख्या. म्हणून ०.१४२८५७ नंतर पुन्हा १४२८५७ सुरू. ७ ने भागताना शून्य सोडून बाकी फक्त १ ते ६ असू शकते, तेव्हा सहा पायऱ्यांच्या आत परत यावेच लागते. सगळ्या छेदांना हेच लागू आहे. आवर्तनातले अंक छेदापेक्षा किमान एकाने कमी असतात, बऱ्याचदा त्याहूनही कमी. १/१७ मध्ये पुरे १६ अंकांचे आवर्तन आहे, पण १/१३ मध्ये सहाच अंक फिरतात: ०.०७६९२३. म्हणून ‘पाच-सहा अंक काढले, काही पुन्हा येत नाही, म्हणजे आवर्ती नाही’ असा निष्कर्ष काढू नये. अंकांकडे पाहून फसायला होते, गोल केलेल्या बाकींकडे पाहून होत नाही.

आवर्तन पहिल्याच घरापासून सुरू होते असेही नाही. ५/१२ मध्ये ५० ला ४, बाकी २. २० ला १, बाकी ८. ८० ला ६, बाकी पुन्हा ८. म्हणजे ०.४१६६६…, इथे ४ आणि १ एकदाच येतात, फिरतो फक्त ६. लिहिताना एकच अंक फिरत असेल तर त्याच्या डोक्यावर टिंब देतात, गट फिरत असेल तर गटावर आडवी रेघ. ५/१२ मध्ये टिंब फक्त ६ वर येईल. ४१६ वर रेघ ओढली तर ती ०.४१६४१६… ही वेगळीच संख्या होते.

भागाकार संपणारा आहे की फिरणारा, हे भागाकार न करताही सांगता येते. अपूर्णांक अतिसंक्षिप्त करा आणि छेदाचे मूळ अवयव पाडा. त्यात फक्त २ आणि ५ असतील तर दशांश खंडित, दुसरा कुठलाही अवयव असेल तर आवर्ती. कारण साधे आहे: १०, १००, १००० यांच्या पोटात २ आणि ५ शिवाय काहीच नाही, त्यामुळे ज्या छेदात ३ किंवा ७ आहे त्याला कशानेही गुणून १०००… करता येणार नाही. किती घरे लागतील तेही यातूनच कळते. छेदात २ जितक्या वेळा आणि ५ जितक्या वेळा, त्यातला मोठा आकडा घ्या. ४० = २ × २ × २ × ५, म्हणजे तीन घरे. ६४ मध्ये २ सहा वेळा, म्हणून ३/६४ ला सहा घरे: ०.०४६८७५.

आधी संक्षिप्त रूप द्यायचे, हे इथे विसरून चालत नाही. ६/१५ च्या छेदात ३ आहे म्हणून तो आवर्ती वाटतो. पण तो खरे तर २/५ आहे, म्हणजे ०.४.

किती घरांवर थांबायचे

पैशांत दोन घरे पुरतात, किलोत वजन लिहिताना तीन. जिथे थांबायचे त्याच्या पुढचा एकच अंक पाहा: ५ किंवा जास्त असेल तर शेवटचा अंक एकाने वाढवा, नाहीतर तसाच ठेवा. २/३ दोन घरांत ०.६७, ५/६ दोन घरांत ०.८३. असे जवळच्या अंकावर आणणे म्हणजे आसन्न करणे. दोन टप्प्यांत आसन्न करू नका. ३५/४७ = ०.७४४६८…, याचे दोन घरांत ०.७४ होतात. आधी ०.७४५ केले आणि मग त्याचे ०.७५, तर चुकले.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे हिशेब संपेपर्यंत आसन्न करूच नये. तीन भावांत १.२० हेक्टर जमीन वाटायची आहे. एकाचा हिस्सा १/३, म्हणजे १.२० ÷ ३ = ०.४० हेक्टर, अगदी बिनबाकी. पण कुणी आधीच १/३ चे ०.३३ करून गुणले तर येतात ०.३९६ हेक्टर. फरक ०.००४ हेक्टरचा दिसतो, पण तो ४० चौरस मीटर आहे, आणि तिघांचे मिळून १२० चौरस मीटर कागदावरून नाहीसे होतात. म्हणून अपूर्णांकाने गुणायचे असेल तेव्हा आधी अंशाने गुणा, छेदाने शेवटी भागा.

सव्वा, दीड, पावणे

पूर्णांकयुक्त अपूर्णांकात पूर्णांक जसाच्या तसा ठेवायचा आणि फक्त अपूर्णांकाचे दशांश रूप करून त्याला जोडायचे. २ ३/४ म्हणजे २ + ०.७५ = २.७५. अंशाधिक अपूर्णांक असेल तर थेट भागा: १७/४ = ४.२५.

बोलीतली मापे आपण रोज वापरतो. सव्वा १.२५, दीड १.५, अडीच २.५, साडेतीन ३.५, पाऊण ०.७५. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ करून घेत. औटकी हा साडेतीनचा पाढा. मुले अडखळतात ती ‘पावणे’ला: पावणेतीन म्हणजे तीनाला पाव कमी, २.७५. ऐकलेल्या ‘तीन’मुळे ३.७५ लिहिले जाते. पावणे ऐकले की आधी एक आकडा मागे या आणि मग .७५ जोडा.

टिंब दिसले म्हणजे दशांश नव्हे

आता खरी जोखीम. आपल्याकडे दोन वेगळ्या एककांमध्येही टिंब देण्याची पद्धत आहे. ते टिंब दशांश चिन्ह समजून कॅल्क्युलेटरमध्ये टाकले की हिशेब सरळ चुकतो.

एकर-गुंठे घ्या. एका एकरात ४० गुंठे. २ एकर १५ गुंठे बोलताना ‘दोन पंधरा’ होते आणि कागदावर २.१५. पण हे २.१५ एकर नाहीत. १५/४० = ०.३७५, म्हणून क्षेत्र २.३७५ एकर. ४० ने भागायची सोपी युक्ती: ४ ने भागा आणि टिंब एक घर डावीकडे सरकवा. ७ गुंठे: ७ ÷ ४ = १.७५, म्हणून ०.१७५ एकर. ५ गुंठे ०.१२५, १० गुंठे ०.२५, २० गुंठे ०.५, ३० गुंठे ०.७५.

सगळ्यांत घातक लेखन म्हणजे ‘२.५ एकर’. लिहिणाऱ्याच्या मनात २ एकर ५ गुंठे असतील तर ते ८५ गुंठे. वाचणाऱ्याने अडीच एकर वाचले तर ते १०० गुंठे. फरक १५ गुंठ्यांचा. एकरी भाव २० लाख असेल तर हा घोटाळा साडेसात लाखांचा होतो. व्यवहाराच्या कागदावर ‘२ एकर ०५ गुंठे’ असे पूर्ण शब्दांत लिहा.

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असे दोन टिंबांनी लिहिलेले असते, उदाहरणार्थ १.०५.५०. म्हणजे १ हेक्टर, ५ आर, ५० चौरस मीटर. इथे सुदैवाने १ हेक्टर = १०० आर आणि १ आर = १०० चौरस मीटर, म्हणून दुसरे टिंब काढले की दशांश रूप तयार: १.०५५० हेक्टर. मात्र प्रत्येक भागाला दोन अंक असलेच पाहिजेत. ०५ मधले शून्य गाळून १.५५० टाइप केले तर ५ आरचे ५५ आर होतात. एकर हवे असतील तर २.४७१ ने गुणा: १.०५५ × २.४७१ = २.६०७ एकर. गुंठे काढायला टिंबानंतरचा भाग ४० ने गुणायचा, ०.६०७ × ४० = २४.२८. म्हणजे २ एकर आणि सुमारे २४ गुंठे. ‘२ एकर ६० गुंठे’ असे वाचणारे असतात, आणि ६० गुंठे तर एका एकरापेक्षाही जास्त होतात.

क्रिकेटमध्ये १६.४ षटके म्हणजे १६ षटके आणि ४ चेंडू, म्हणजे १६ ४/६ = १६.६६…. त्यात १५० धावा झाल्या असतील तर धावगती १५० ÷ १६.४ = ९.१५ नव्हे. एकूण चेंडू १००, म्हणून १५० ÷ १०० × ६ = ९.००. वेळेचेही तसेच: २ तास १५ मिनिटे म्हणजे २.१५ तास नव्हे, १५/६० = ०.२५, म्हणून २.२५ तास. मजुरीचा किंवा सरासरी वेगाचा हिशेब असेल तर आधी हे करा. १ किलो ५० ग्रॅम म्हणजे १.०५० किलो, कारण ५०/१००० = ०.०५०.

प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच विचारायचा: एका मोठ्या एककात लहान एकके किती? ४०, १००, ६, ६० की १०००? तोच तुमचा छेद.

सूत आणि मिलिमीटर

सुतारकाम, गवंडीकाम आणि हार्डवेअरच्या दुकानात इंचाचे आठ भाग करून त्याला सूत म्हणतात. १ इंच = २५.४ मिलिमीटर. तीन सूत म्हणजे ३/८ इंच = ०.३७५ × २५.४ = ९.५२५ मिमी, म्हणून १० मिमीच्या सळईला तीन सुती म्हणतात. चार सूत १२.७ मिमी होतात, पण त्या नावाने बाजारात मिळते ती १२ मिमीची सळई. पाच सूत १५.८७५, मिळते १६ मिमी. नाव जुने आणि माप नवे असल्याने हा थोडा फरक राहतो. सळईत तो चालवून घेता येईल, पण फर्निचरच्या खाचेत १२ मिमी आणि १२.७ मिमी यांत ढिलेपणा जाणवतो. तिथे सुताचे दशांश करून मिलिमीटरनेच माप द्या.

कॅल्क्युलेटरवर

दुकानातल्या साध्या कॅल्क्युलेटरवर २ ३/४ साठी २ + ३ ÷ ४ असे दाबले तर बहुतेक यंत्रे १.२५ दाखवतात, कारण ती डावीकडून ओळीने हिशेब करतात: आधी २ + ३ = ५, मग ५ ÷ ४. त्यामुळे आधी भागाकार करा आणि पूर्णांक शेवटी मिळवा, ३ ÷ ४ + २. मोबाइलवरील कॅल्क्युलेटर सहसा भागाकार आधी करतो, पण वरचा क्रम दोन्हीकडे बरोबर उत्तर देतो. २ ÷ ३ दाबल्यावर काही यंत्रे शेवटचा अंक ७ दाखवतात, काही ६ वरच तोडतात. यंत्र बिघडलेले नसते, फक्त पडद्यावरची घरे संपलेली असतात.

पडताळा आणि सराव

उत्तर आल्यावर त्याला छेदाने गुणा, अंश मिळाला पाहिजे: ०.३७५ × ८ = ३. आवर्ती असेल तर जवळपास मिळेल: ०.४१६७ × १२ = ५.०००४. त्याआधी नजरेने अंदाज घ्या. अंश छेदाच्या निम्म्याहून कमी असेल तर उत्तर ०.५ पेक्षा कमी हवे. ७/१६ चे उत्तर ०.५ च्या किंचित खालीच येणार.

खालचे आधी वहीत करा, मग उत्तरे पाहा: ७/१६, ९/१२५, ४/११, ५/१८, ९/२४, ३ एकर १८ गुंठे, १२.५ षटके.

उत्तरे: ०.४३७५, ०.०७२ (०.७२ आले असेल तर शून्य गाळले आहे), ०.३६३६…, ३६ वर रेघ, ०.२७७…, टिंब फक्त ७ वर, ०.३७५, कारण ९/२४ = ३/८; ३.४५ एकर, १२.८३… षटके, म्हणजे ७७ चेंडू.